तापीकाठची पांढर

प्राचीन स्थळांचे दर्शन म्हणजे शिखरे, स्तंभ आणि कोरीव लेणी यांचेच दर्शन, ही आपली समजूत अजिंठा-वेरूळच्या सान्निध्यामुळे इतकी दृढ झालेली आहे की, जेथे डोळ्यांत भरेल असा एकही प्राचीन स्तंभ उभा नाही, तेथे सहकुटुंब जाऊन दिवसभर काय पाहावयाचे, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पुराणवस्तुशास्त्राचा अभ्यासक या नात्याने सुरतेतील मराठी मंडळींना मी कामरेजच्या परिसरात घेऊन जातो, ते या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष भूमीवर देता यावे म्हणून.

मुंबई-अहमदाबाद राजमार्ग जेथे तापी ओलांडतो, तेथे नदीच्या डाव्या तीरावर कामरेज वसलेले आहे. बडोदे संस्थानच्या अमदानीत हा नवसारी प्रांतातील एक तालुका होता व त्याचा कारभार गायकवाड सरकारचा वहिवाटदार पाही. ज्या तापीच्या काठी हा कसबा उभा आहे, ती मुलताईला उगम पावून खानदेश ओलांडीत येथवर येते; आणि पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेस येऊन स्थायिक झालेल्या हजारो कुटुंबांना ती माहेरच्या नदीसारखी वाटावी, यात नवल नाही.

आमचा दिवस सुरू होतो तो नदीकाठच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर. शतकानुशतके एकाच जागी घरे बांधली जावीत, पडावीत, त्यांच्या मातीवर पुन्हा घरे उठावीत, आणि राख, शेण, हाडे व खापरे यांच्या संचयाने भूमी उंचावत जावी, अशा रीतीने ही टेकाडे तयार होतात. येथे 2003 साली शास्त्रीय उत्खनन झाले आणि मौर्यकाळापासून इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमारापर्यंतची वस्ती उजेडात आली. या थरांतील परदेशी खापरे ओळखावयाची कशी, हे मी मंडळींना सावकाश समजावून सांगतो. इटलीतील कँपेनिया प्रांताच्या मद्यकुंभाच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू चकाकते. उलट ज्याला टॉर्पेडो जार म्हणतात, त्या इराणी आखाताकडील बिनकानाच्या निमुळत्या कुंभाला आतून डांबराचा काळा लेप असतो. एकेकाळी हे दोन्ही प्रकार सरसकट रोमन म्हणून नोंदले जात. या दोहोंतील विवेक होऊ लागल्यापासून पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराचा इतिहास नव्याने लिहावा लागत आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अज्ञात ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोचच्या आखाताच्या मुखाशी, उजव्या हातास, खडकाळ वाळूच्या दांड्यासमोर कम्मोनी नावाचे गाव सांगितले आहे, आणि अभ्यासक ते कामरेजशी जुळवितात. त्याच ग्रंथात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, अशी अंतरे देऊन, पैठणचा गोमेद-अकीकाचा माल गाड्यांवर लादून बिनरस्त्याच्या मुलखातून किनाऱ्याकडे नेला जाई, असेही नमूद केले आहे. या किनाऱ्यावर तेव्हा क्षहरात क्षत्रप नहपानाची सत्ता होती. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यातील लेखात ज्या नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचे कोरून ठेविले, त्यांत दमण व डहाणूच्या नद्यांबरोबर तापीचेही नाव आहे. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, हे नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांनी सिद्ध केले. कारण त्यांतील बहुसंख्य नाणी नहपानाची असून त्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. कामरेजचे टेकाड या सर्व घडामोडींचे समकालीन साक्षीदार होय.

दुपारी आम्ही याच तालुक्यातील जोखा व धातवा या गावांकडे वळतो. या दोन्ही ठिकाणी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने 1966 ते 1968 या काळात उत्खनन केले. जोख्याच्या तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती आढळली. तशीच वस्ती याच तापीवर नंदुरबारकडील प्रकाशे येथे 1955 साली बा. कृ. थापर यांना मिळाली होती. धातव्याला लोह गाळण्याच्या उद्योगाची कीट, म्हणजे गाळून उरलेला मळ, मिळाली. व्यापाराची भरभराट होण्यापूर्वी नांगराचा फाळ आणि कुऱ्हाड घडविणारे हात येथे राबत होते, हे त्या काळ्या, जड कीटीवरून कळते.

सायंकाळी टिंब्याच्या गळतेश्वर महादेवाचे दर्शन घेऊन, तापीचे पाणी मस्तकी लावून आम्ही परततो. या भूमीची धर्मश्रद्धा राजशासनांतही उतरलेली आहे: नवसारीच्या चालुक्य शाखेतील युवराज श्र्याश्रय शिलादित्य याच्या इसवी सन 692 च्या सुरत ताम्रपटात कार्मणेय आहारातील, म्हणजे त्या नावाच्या प्रशासकीय विभागातील, भूमी दान दिल्याचा उल्लेख असून, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरि-चेदि लेखांच्या 1955 सालच्या संग्रहात तो ताम्रपट संपादिला आहे. कार्मणेय म्हणजेच कामरेज.

ही सर्व माहिती ज्या पांढरीने जतन केली, तिची माती मात्र गावोगाव शेतात खत म्हणून पसरली जाते, विटांसाठी खणली जाते, आणि हौशी प्रवाशांच्या खिशांतूनही नाहीशी होते. थरातून उपटलेले खापर कितीही सुंदर असले, तरी ते किती जुने व कोणाबरोबरचे, हे सांगण्याची त्याची शक्ती त्या क्षणी संपते. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की, या दिवाळीच्या सुटीत तापीकाठी अवश्य या, खापरे हातात घ्या, न्याहाळा, मुलांना दाखवा, आणि जेथून उचलली तेथेच ठेवा. आपल्या गावच्या पांढरीवर कुदळ पडताना दिसली, तर ती खबर पुरातत्त्व खात्यास त्याच दिवशी द्या.