एव्हीएलकडे पाहायचं राहिलं

इंटर्नशिपमधली रात्रपाळी. पन्नाशीचे एक काका बायकोचा हात धरून कॅज्युअल्टीत आले. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दोनदा उलटी. संध्याकाळी भजी खाल्ली होती, पित्त झालं असेल, असं तेच म्हणाले. अंगातला सदरा घामाने चिंब झाला होता.

मी ईसीजी काढला. त्याच महिन्यात मी एकदा लाल आणि पिवळ्या चिमट्यांची अदलाबदल केली होती. उजव्या हाताचा लाल चिमटा डाव्या हाताला लागला, पहिल्या लीडमधल्या सगळ्या लहरी उलट्या पडल्या आणि पेशंटचं हृदय उजवीकडे आहे, असं मी खात्रीने सांगून बसले. छातीवरच्या लीड्स मात्र अगदी नेहमीसारख्या होत्या. त्या नीट पाहिल्या असत्या तर माझं मलाच कळलं असतं. म्हणून या वेळी चिमटे दोनदा तपासले आणि तेवढ्यावरच निर्धास्त झाले.

मग पाठ केलेलं गणित. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे लहान चौकोन 0.04 सेकंदाचा, मोठा 0.20 चा. दोन आर लहरींमध्ये चार मोठे चौकोन. 300 भागिले चार, ठोके 75. पीआर चार लहान चौकोन, क्यूआरएस अरुंद. सगळं बसत होतं. तिसऱ्या लीडमध्ये एसटीची रेघ किंचित ताठ वाटली, पण पेशंट हलला असेल म्हणून सोडून दिली. मशीननेही वर ‘नॉर्मल’ छापलं होतं. खरं सांगायचं तर तो शब्द मी रेघांच्या आधी वाचला होता.

पित्ताचं इंजेक्शन देऊन मी त्यांना घरी पाठवलं. निघताना काकूंनी विचारलं, “मग यांना एवढा घाम का येतोय, डॉक्टर?” मी म्हटलं, उकाडा आहे. बाहेर जानेवारी होता.

अडीच तासांनी ते स्ट्रेचरवर परत आले. आता दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ लीडमध्ये एसटी उचललेला होता, मला काय, कुणालाही दिसला असता. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. रजिस्ट्रारनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पहिल्यावर एव्हीएलपाशी बोट टेकवलं. तिथे एसटी अर्धा लहान चौकोन खाली गेलेला, टी लहर उलटी. खालून पाहणाऱ्या लीड्सना जे वर चढताना दिसतं, ते डाव्या खांद्याकडून पाहणाऱ्या एव्हीएलला खाली जाताना दिसतं, आणि पुष्कळदा आधी दिसतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या रात्री एव्हीएलवर माझी नजर एक क्षणही थांबली नव्हती. शंका होती तर पंधरा मिनिटांनी दुसरा ईसीजी काढायचा, एवढं तरी करता आलं असतं. शंका मला आलीच नाही; ती काकूंना आली होती.

काका वाचले. गुठळी विरघळवण्याचं औषध उशिरा मिळालं. इकोमध्ये खालची भिंत नीट हलत नव्हती.

तीन आठवड्यांनी दोघं ओपीडीत आले. मी काकूंना सांगितलं की पहिल्याच कागदावर खूण होती, मला ती दिसली नाही, आणि घामाबद्दल तुम्ही बरोबर विचारलं होतं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून म्हणाल्या, यातली सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली, ते पुन्हा एकदा सावकाश सांगा.