भात हवा तेवढा, तुकडी एकच!

दोस्तांनो, समजा तुम्हाला कुणी एका हॉटेलात नेलं आणि सांगितलं, "एकदाच पैसे भरा आणि पोट फुटेस्तोवर खा!" तर तुम्ही काय कराल? खरं सांगा हं! सकाळचा नाश्ता चुकवाल. तिथे पोचल्यावर भात, पोळी असल्या घरच्या गोष्टींकडे ढुंकूनही बघणार नाही. सगळ्यांत महागाचा पदार्थ कुठे मांडलाय, ते आधी शोधाल. आणि बाबा तुमच्या कानात कुजबुजतील, "पाणी कमी पी रे, पोट भरेल!"

अशी हॉटेलं आता जगभर आहेत. जपानी लोकांकडे तर या प्रकाराला खास शब्दच आहे, 'ताबेहोदाई', म्हणजे हवं तेवढं खा. १९५८ साली टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलने युरोपातली पद्धत पाहून टेबलावर भरपूर पदार्थ मांडायला सुरुवात केली आणि तिला नाव दिलं 'व्हायकिंग'! त्याच वर्षी ओसाका भागात योशिआकी शिराइशी नावाच्या गृहस्थांनी आणखी एक गंमत केली. बिअरच्या कारखान्यात बाटल्या फिरत्या पट्ट्यावरून जाताना त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी तसाच पट्टा आपल्या दुकानात बसवला आणि त्यावर सुशीच्या बशा सोडल्या. गिऱ्हाईक बसल्या जागी, बशा मात्र गावभर फिरतायत!

अमेरिकेत आणखी एक तऱ्हा. तिथे 'हिबाची' नावाच्या हॉटेलात तुमच्यासमोरच भलामोठा लोखंडी तवा असतो. स्वयंपाकी त्यावर कोळंबी परततो, उलथनं हवेत फेकतो, कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यातून ज्वालामुखीसारखा जाळ काढतो. १९६४ साली रॉकी आओकी या जपानी तरुणाने न्यूयॉर्कला 'बेनिहाना' काढलं आणि हा तमाशा तिथे लोकप्रिय झाला. गंमत अशी, की खऱ्या जपानी हिबाचीवर स्वयंपाक क्वचितच होई. 'हि' म्हणजे आग. हिबाची म्हणजे राख भरलेली कुंडी, तिच्यात कोळसे पेटवायचे आणि थंडीत हात शेकायचे. आपली शेगडीच म्हणा ना! तव्यावरच्या प्रकाराला जपानमध्ये 'तेप्पानयाकी' म्हणतात.

बरं, पण आपल्याला इतक्या लांब जायचंच नाही. समोर आग, हवं तेवढं खाणं आणि समुद्राचा मासा, हे सगळं आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आहे. चला तर, भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडू. रेवसला उतरू आणि तिथून एस.टी. २०२० सालापासून मांडव्याला मोटारींसकट नेणारी मोठी बोटही सुरू झाली आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी पेण-वडखळवरून रस्त्याने यावं. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, कुठेही उतरा, दुपारी एकच्या सुमाराला भूक लागलेली असणारच.

मग शिरा एखाद्या घरगुती खाणावळीत. चार बाकडी, भिंतीवर कॅलेंडर आणि आतून येणारा फोडणीचा चुरचुर आवाज. ताट येतं. तांदळाची भाकरी, वाटीत लालभडक कालवण, एक तळलेली तुकडी, सोलकढी, कांदा, लिंबू आणि भाताचा डोंगर. तुकडी संपते तीन घासांत. तेवढ्यात मावशी भाताचं पातेलं घेऊन उभ्या. "भात वाढू? कालवण घे की अजून. लाजतोस काय!" बऱ्याच खाणावळींत भात आणि कालवणाचा रस्सा लागेल तेवढा मिळतो. तुकडी मात्र एकच. दुसरी हवी? तिचे पैसे वेगळे.

काही जणांना यात कंजूषपणा वाटतो. मला विचाराल तर हा हिशेब अगदी सरळ आहे. भात स्वस्त, मासा महाग. जपानी हॉटेलही हाच हिशेब करतं, फक्त गुपचूप. तिथल्या सुशीत माशाच्या पातळ कापाखाली भाताचा गोळा असतो ना, त्याने पोट लवकर भरतं! शिवाय बऱ्याच ठिकाणी घड्याळ लावलेलं असतं, दीड तास झाला की उठा. कित्येक हॉटेलांत ताटात टाकलंत तर वेगळे पैसे मोजावे लागतात. आपल्या मावशी घड्याळ लावत नाहीत. पण ताटात भात टाकून उठून बघा, त्या कशा बघतात ते!

आणि त्यांनी तसं बघायला कारण आहे. अलिबाग-पेणच्या खाडीकाठाला 'खारेपाट' म्हणतात. इथली भातशेती समुद्राच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. मध्ये फक्त मातीचा बांध. बांधाला खांड पडली, की खारं पाणी आत शिरतं आणि शेत नासतं. तो बांध पिढ्यान् पिढ्या लोकांनी राखला. पण पिकलेल्या भाताचा मोठा वाटा जाई खोताच्या घरी. राबणाऱ्याच्या घरी वर्षभर पुरेल एवढाही तांदूळ उरत नसे. शेवटी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी या गावी शेतकरी जमले आणि त्यांनी ठरवलं, आता खोताची शेती करायचीच नाही! नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या संपाला पाठिंबा दिला. तुम्हाला वाटेल, संप चालला असेल महिना-दोन महिने. छे! १९३९ सालापर्यंत चालला. जवळजवळ सहा वर्षं! त्या काळात या घरांतल्या लोकांनी लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. तुमच्याएवढी मुलं अर्धपोटी झोपली, पण गावं मागे हटली नाहीत. १९३९ सालीच मुंबई प्रांतात कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि पुढे १९४८चा कुळकायदा आला. 'भात हवा तेवढा घे' हे वाक्य या मुलखात फुकट आलेलं नाही, बरं का!

आता सुशीची एक गोष्ट ऐका. सुशी म्हणजे कच्चा मासा असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. 'सुशी' शब्दाचा मूळ अर्थ 'आंबट'. फार पूर्वी मासा टिकवण्यासाठी तो मीठ लावून शिजवलेल्या भातात महिनोन् महिने दाबून ठेवत. भात आंबे, त्याच्या आंबटपणाने मासा टिके. मग मासा खायचा आणि भात? भात फेकून द्यायचा! बिवा नावाच्या सरोवराकाठी अजून या जुन्या तऱ्हेची सुशी करतात. तिचा वास म्हणे असा, की नवखा माणूस नाक धरून पळतो. भातात व्हिनेगर घालून, वर माशाचा काप ठेवून, लगेच हातात द्यायची सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या टोकियोत रुळली. त्या काळी ती रस्त्यावर, गाड्यावर मिळे. आपल्या वडापावासारखी!

मासा टिकवायची वेळ आपल्यावरही येतेच. आपण भात न फेकता ऊन वापरतो. कोळीवाड्यात बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीने लटकवलेले पाहिलेत? वाऱ्यावर आणि उन्हात ते कडकडीत वाळतात. खाली जमिनीवर जवळा, सुकट, मांदेली पसरलेली. हा साठा लागतो पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि कित्येक माशांचा तो अंडी घालायचा काळ. म्हणून जुलैत तुम्ही खाणावळीत 'ताजं पापलेट द्या' म्हणालात, तर मावशींना हसू येईल. तेव्हा खावा सुक्या बोंबलाचा रस्सा, वांगं-बटाटा घालून. वासाचं म्हणाल, तर बिवाच्या सुशीशी आपण बरोबरी करू!

पापलेटाची गोष्ट निघालीच आहे, तर दप्तरातली कंपासपेटी काढा. त्यात १५ सेंटिमीटरची पट्टी असते. ती तशीच घेऊन खाणावळीत जा. खरंच सांगतेय! पापलेट हा २०२३ सालापासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. त्याच वर्षी राज्य सरकारने माशांच्या ५४ जातींसाठी ठरवून दिलं, की अमुक आकारापेक्षा लहान मासा धरायचा नाही. रुपेरी पापलेटासाठी हा आकार आहे १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. तुमच्या पट्टीहून जरा कमी. त्याहून छोटं पापलेट म्हणजे पिल्लू. त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. बारीक आसाच्या जाळ्यात अशी पिल्लं ढिगाने येतात आणि स्वस्तात विकली जातात. ताटात अख्खं पापलेट आलं म्हणून आपण खूश! पण पिल्लंच खाऊन टाकली तर मोठी पापलेटं येणार कुठून? तुकडी एकच मिळते, याचा मला म्हणूनच राग येत नाही. समुद्राला 'ताबेहोदाई' परवडत नाही.

खारेपाटातल्या जुन्या लोकांनी यावर छान युक्ती काढली होती. घराशेजारच्या तळ्यात खाडीतली जिताड्याची पिल्लं सोडायची आणि वाढवायची. जिताडा हा इथला मानाचा मासा, खाऱ्या पाण्यात राहतो तसा गोड्या पाण्यातही. पाहुणा आला की तळ्यातून जिताडा काढायचा!

आता राहिली आगीची गोष्ट. हिबाचीचा तमाशा पैसे देऊन बघावा लागतो. आपला तमाशा शेतात असतो, थंडीच्या रात्री. त्याचं नाव पोपटी.

डिसेंबर सरता सरता भाताच्या रिकाम्या शेतात वाल उभा असतो. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवरच तो वाढतो. शेजारी पांढऱ्या कांद्याचे वाफे. हा अलिबागचा पांढरा कांदा गोडसर असतो, २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या, की घरोघर एकच प्रश्न, "शनिवारी पोपटी लावायची काय?"

एक मातीचं मडकं घ्यायचं. बांधावर भांबुर्डी नावाचं एक उग्र वासाचं झुडूप उगवतं, त्याचा पाला तळाला घालायचा. वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा चोळून. मधूनमधून बटाटे, वांगी, अंडी. मांसाहारी मंडळी मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून आत सारतात. पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही! मग मडकं जमिनीवर चक्क उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, सुका पाला रचून पेटवायचं. (हे काम मोठ्यांचं. तुम्ही काटक्या आणून द्यायच्या आणि लांब उभं राहायचं.)

उपडं का, ओळखा पाहू! शेंगांतलं आणि पाल्यातलं पाणी तापून त्याची वाफ होते. वाफ जाते वर. मडकं सरळ असतं तर ती तोंडातून निसटली असती. उपड्या मडक्यात वर असतं त्याचं बंद बूड. वाफ तिथे अडकते आणि सगळं आतल्या आत शिजतं. प्रेशर कुकर नव्हता तेव्हाची ही अक्कल! गुजरातचा उंधियूही असाच उपड्या मडक्यातला, 'उंधू' म्हणजे उपडं.

अर्धा-पाऊण तास जाळ घालायचा. तोवर गाणी, भुतांच्या गोष्टी, एका अंगाने भाजणं आणि दुसऱ्या अंगाने कुडकुडणं. मग एखादे काका मडक्यावर चार थेंब पाणी शिंपडतात. चर्र! झाली पोपटी. मडकं केळीच्या पानांवर रिकामं होतं आणि भांबुर्डीचा तो धुरकट, ओव्यासारखा वास सुटतो. त्यानंतर कुणी बोलत नाही. शेंग दातांत धरायची, ओढायची, दाणे तोंडात, साल बाजूला. इथे बशा मोजायला कुणी नाही. हवं तेवढं खा, ते खरोखरच!

पण एक अडचण आहे. या किनाऱ्यावरची शेतं झपाट्याने विकली जातायत. जिथे वाल होता तिथे बंगल्याची भिंत आणि हिरवळ दिसते. मग हौशी मंडळी बाजारातून शेंगा विकत आणतात आणि बंगल्याच्या अंगणात पोपटी लावतात. पोपटी होते, नाही असं नाही. भांबुर्डीचा पाला मात्र बाजारात सहजी मिळत नाही. तो आणायला कुणाच्या तरी शेताच्या बांधावरच जावं लागतं.

तुम्ही जानेवारीत गेलात, तर शेत ज्यांचं आहे त्यांच्याकडेच जा. खाऊन झालं की टरफलं गोळा करून द्या, ती सकाळी गुरांना घालतात. आणि मडकं काळंकुट्ट झालं म्हणून फेकू नका. ते गार झालं की गोठ्यात उपडं ठेवून देतात, पुढच्या शनिवारसाठी.