फुगडीतला मुराळी

लातूरहून निघालेली लाल बस औशाला थांबली आणि माहेरी चाललेल्या लेकीबाळींनी भरून गेली. पंचमीचा सण. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवंगार सोयाबीन. औसा म्हणजे नाथ संस्थानाच्या चक्रीभजनाचं गाव. मोठी माणसं जिथं गिरक्या घेत देवाला आळवतात, त्याच वाटेनं मी निलंग्याला निघाले होते, पोरींच्या फुगड्या बघायला.

आधी नीलकंठेश्वराचं दर्शन घेतलं. जुनं दगडी देऊळ, बाहेरच्या भिंतीवर एकीहून एक ठसकेबाज सुरसुंदरी. (तिथून पाय निघेना, हे खरं.) पलीकडच्या आळीत फुगड्या रंगात आल्या होत्या. गाणी पिढीजात : सासू खाष्ट, नणंद चुगलखोर, आणि पंचमीला न्यायला भाऊ मुराळी होऊन येणार. नऊ-दहा वर्षांच्या पोरींना सासुरवास कुठला ठाऊक? त्यांना फक्त दम टिकवायचा होता.

ओट्यावरच्या मावशी म्हणाल्या, "आमीबी असंच म्हनायचो. कळायला लगीन व्हावं लागलं."

लग्नानंतर तेच शब्द जात्यावर बसले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांतही या भावाची वाट बघणं आहे, पण खेळातला भाऊ हमखास येतो, ओवीतला कधीकधी येत नाही. मग त्याच्या जागी विठ्ठल येतो. पंढरीला माहेर तर एकनाथांनीच म्हटलं आहे.

पोरखेळ संतांना चांगले ठाऊक होते. एकनाथांचं फुगडीवर भारूड आहे; तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, चेंडूफळी, विटीदांडू, सगळ्यांवर अभंग आहेत. त्यावर कीर्तनकार जीव कोणता, शिव कोणता अशी वाटणी करून सांगू लागले की मला कंटाळा येतो. फुगडीत हात सुटला तर दोघीही पडतात. हे ज्याच्या अंगाला माहीत आहे, त्याला आणखी काय समजवायचं?

मावशी वारीला जातात. वाखरीच्या रिंगणात सुनेबरोबर फुगडी घालतात म्हणे.

"गान्यातली खाष्ट सासू आता मीच की!" त्या हसल्या.

आतून सून म्हणाली, "म्हनूनच हात घट धरत्यात, ताई."