घाटाखालचे अंगण

‘घाटावरची मुलगी घाटाखाली देऊ नये,’ असे माझी आजी म्हणायची. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हे दोन शब्द अगदी रोजच्या बोलण्यातले. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली. माझे माहेर बुलढाण्याचे आणि सासर शेगावच्या पुढे, पूर्णेकडच्या अंगाला. आजी हे उन्हामुळे म्हणत असेल, असे मला वाटायचे. खरी गोष्ट पाण्याची आहे, हे कळायला मला लग्नानंतर दोन उन्हाळे लागले.

बुलढाण्याहून खामगावकडे निघाले, की ज्ञानगंगा अभयारण्याच्या जंगलातून बोथ्याचा घाट उतरावा लागतो. एकेक वळण गेले, की खिडकीतून येणारा वारा गरम होत जातो. बुलढाणा समुद्रसपाटीपासून २,००० फुटांहून उंच. मे महिन्यातही तिथे रात्री गच्चीवर झोप लागते. खाली मात्र पारा ४४-४५ अंशांवर चढतो. पाण्याच्या वाटाही इथेच फुटतात. घाटावरची पैनगंगा पुढे गोदावरीच्या खोऱ्याला मिळते, तर घाटाखालची पूर्णा तापीला. म्हणजे माझ्या माहेरचे पावसाचे पाणी बंगालच्या उपसागराकडे आणि सासरचे अरबी समुद्राकडे!

लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परतताना आईने मोगऱ्याचे रोप बांधून दिले होते. आमच्या माहेरच्या अंगणात मोगरा, गुलाब, लिंबू सगळे सुखाने नांदायचे. सासरी अंगण ऐसपैस, पण त्यात काय? एक मोठा कडुनिंब, शेवगा, बोर, दाराशी कण्हेर आणि तुळशीवृंदावन. मला ते अगदी ओके-बोके वाटले. मी उत्साहाने मोगरा लावला, त्याच्या शेजारी लिंबूही लावले. अंगणात बोअर होतीच. सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्याने पाणी घालायचे, पानांवरही शिंपडायचे, असा माझा क्रम सुरू झाला.

चैत्रात पानांच्या कडा करपल्या. मला वाटले, पाणी कमी पडते. मी आणखी घातले! वैशाखात मोगऱ्याच्या काड्या उरल्या. त्या दिवशी मी अंगणात बसून चक्क रडले. सासूबाई जवळ आल्या, बुंध्याशी बोट फिरवले आणि माझ्यासमोर धरले. बोटाला पांढरी पूड लागली होती.

‘‘सुनबाई, झाडाले मिठाचं पानी पाजून राह्यली तू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंग ते कसं जगंन?’’

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात, हे मी भूगोलात वाचले होते. इथले जमिनीखालचे पाणी खारे. ऊन लागले, की पाण्याची वाफ होते आणि क्षार मातीतच राहतात. थोडे थोडे पाणी रोज घातले, की ते वरच्या थरात साठत जातात. काळी माती तर अशा पाण्याने अधिकच चिकट आणि घट्ट होते. पाऊस पडला तरी पाणी आत मुरत नाही. पुस्तकातला खारपाणपट्टा माझ्याच अंगणात आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्यानंतर मी सासूबाईंच्या हाताखाली अंगण शिकले. त्यांचे वेळापत्रक महिन्यांवर चाले. तेच आता माझे झाले आहे.

माघ-फाल्गुनात कडुनिंब पाने गाळतो. पूर्वी मी ती झाडून पेटवून द्यायची. आता प्रत्येक झाडाच्या आळ्यात त्यांचा वीतभर थर देते, त्यावर कुटार पसरते. ऊन थेट मातीला लागत नाही आणि क्षार वर येणे कमी होते. थर बुंध्याला मात्र चिकटू द्यायचा नाही.

चैत्र-वैशाखात पाणी फक्त संध्याकाळी. रोज तांब्याभर नाही, चार दिवसांनी आळे भरून, आणि पानांवर मुळीच नाही. लहान रोपांवर पराट्या-तुराट्यांचा छोटा मांडव घालायचा. नवतपाच्या नऊ दिवसांत काहीही लावायचे नाही, काहीही छाटायचे नाही. उरलेल्या मोकळ्या अंगणात आमच्या कुरडया, पापड आणि सांडगे वाळतात, तेवढेच पीक!

मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, वरची पांढरी पापडी खरवडून टाकायची. माती कुदळीने हलकी करायची आणि आळ्यांना बांध घालायचे. पाऊस आळ्यात थांबला, मुरला, की क्षार खाली धुऊन जातात. नवी झाडे लावायची ती याच दिवसांत. मोकळ्या तुकड्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी मातीत गाडला, की जमीन भुसभुशीत होते. माती फारच घट्ट असेल, तर ती तपासून घ्यावी आणि सल्ल्याप्रमाणे जिप्सम घालावे. दिवाळीनंतर शेणखत घालून पालक आणि बीट लावते. हे दोघे खाऱ्या पाण्याला फारसे बिचकत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंचे गुडघे धरले. झाडलोट त्यांना होईना आणि मला दुपारी शिकवायला जायचे असते. ‘‘सगळीकडे फरशी घालून टाकू,’’ आमच्या ह्यांनी ठरवले. आमच्या गल्लीत बऱ्याच घरी तसे झालेलेच. माझ्याही मनात आले, की बरे होईल, चिखल नाही, कचरा नाही. मिस्त्री माप घ्यायलासुद्धा आला. सासूबाई बाजेवर बसून पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘अंगण झाकलं तं पानी मुरंन कुठी?’’

मी गप्प झाले. खारे पाणी धुऊन नेणारे एकच गोडे पाणी आमच्याकडे येते, ते आभाळातून. तेच फरशीवरून रस्त्यावर सोडून द्यायचे? रात्री मी ह्यांना हिशेब मांडून दाखवला. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेपाचशे लिटर पाणी होते. हे बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

शेवटी फाटकापासून दारापर्यंत, सासूबाईंना काठी टेकत चालता येईल एवढीच फरशी घातली. वाचलेल्या पैशांत गच्चीला पन्हळ लावली आणि दोन टाक्या बसवल्या. पहिला पाऊस गच्ची धुऊन वाहून जाऊ द्यायचा, मग पाणी साठवायचे. टाक्यांची झाकणे घट्ट हवीत आणि पन्हळीच्या तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर डास होतात. टाक्या भरल्यावरचे पाणी मोकळ्या अंगणात सोडले आहे.

या वर्षी आईकडून मी पुन्हा मोगरा आणला. मोठ्या कुंडीत, कडुनिंबाच्या सावलीला ठेवला आणि त्याला फक्त टाकीतले पाणी घातले. वैशाखात त्याला सात कळ्या आल्या. मैत्रिणींनो, सात म्हणजे फार नाहीत, माहेरी ओंजळ भरायची. पण त्या सातही मी सासूबाईंच्या उशाशी नेऊन ठेवल्या. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘आता कुंडीत कुटार टाक, सुनबाई. ऊन वाढून राह्यलं.’’