‘फाइल सापडत नाही’

संगणक चालू होताना ‘फाइल सापडत नाही’ अशी चौकट आली, की नांदेड असो वा लातूर, आमच्याकडे एकच इलाज सांगितला जातो : फॉरमॅट मारा.

लातूरला माझी आपा राहते. तिच्या घरी विंडोज ७ चा जुना संगणक आहे. त्यात अब्बांचे उर्दू लेख आहेत, भाच्याने इनपेजमध्ये एकेक पान टाईप केलेले. अब्बा आता हयात नाहीत, मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. भाच्याचा फोन आला, ‘‘मामू, दुकानदार सगळं पुसून नवीन विंडोज टाकतो म्हणतोय. नानांच्या फाइलींचं काय?’’

मी दोनच गोष्टी विचारल्या. चौकट कधी येते? आणि तिच्यात नाव कशाचं आहे?

काळ्या पडद्यावरच ‘बूटएमजीआर’ नाही असं दिसलं, तर विंडोज सुरूच झालेली नसते. तेव्हा आधी लावलेला पेनड्राइव्ह, सीडी काढून पाहावी. बरेचदा संगणक त्यांच्यातच विंडोज शोधत बसतो. भाच्याची चौकट मात्र डेस्कटॉप आल्यावर यायची आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘व्हीबीएस’ होतं. म्हणजे पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस अँटीव्हायरसने मारला होता, पण सुरुवातीच्या यादीत त्याचं नाव राहिलं होतं. शाळा सोडून गेलेल्या मुलाचं नाव हजेरीपटावर राहावं आणि गुरुजींनी ते रोज पुकारावं, तसं. अशी फाइल इंटरनेटवरून शोधून परत आणणं म्हणजे गेलेला आजार घरी बोलावणं.

‘‘आधी नानांच्या फाइली सीडीवर उतरव,’’ मी म्हणालो. मग स्टार्टच्या खोक्यात ‘एमएसकॉन्फिग’ टाईप करायला लावलं. ‘स्टार्टअप’ यादीत तेच नाव सापडलं. त्याच्यापुढची खूण काढली, बाकी कशाला हात लावला नाही. संगणक पुन्हा चालू केला, चौकट आली नाही. नंतर अँटीव्हायरसने पूर्ण तपासणी केली.

हरवलेली फाइल एखाद्या कामाच्या प्रोग्रामची असेल, तर तो प्रोग्राम पुन्हा टाकावा लागतो. म्हणून दुकानात जाण्याआधी चौकटीतला मजकूर जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्या. दुकानदाराला फॉरमॅट सोपं पडतं, त्यात त्याचं वाईट काही नाही. पण डबड्यात काय जपून ठेवलंय, हे त्याला कसं कळणार? ते घरच्यांनीच सांगायला हवं.