'सिंगल ओटी' म्हणजे नेमकं काय?

गावाकडं ओटी म्हटलं की खण-नारळ. आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात ओटी म्हणजे ओव्हरटाइम. "आज ओटी लागली", "रविवारी ओटी मारली", असं दिवसभर कानावर पडतं.

मी एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होतो. शंभरावर माणसं होती. संध्याकाळी माल अडकला की मीच पोरांना सांगायचो, "चार तास थांबा रे, सिंगल ओटी मिळेल." पोरं थांबायची. रजिस्टर मीच भरायचो.

एक दिवस एका वयस्कर ऑपरेटरने विचारलं, "साहेब, सिंगल म्हणजे अर्धाच ना? बाकीचा अर्धा कुठं जातो?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ५९ होतं. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम केलं, तर मजुरी दुप्पट. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही दर दुप्पटच आहे. म्हणजे कारखान्यात 'सिंगल ओटी' असा प्रकार कायद्यात नाहीच. तो शब्द आपणच रुळवला.

हिशोब करून बघा. २६ दिवसांचे १५,६०० रुपये म्हणजे दिवसाला ६००, आठ तासांचे तासाला ७५. ओटीचे चार तास सिंगलने ३००, कायद्याने ६००. महिन्यात दहा दिवस थांबलात तर ३,००० रुपये गेले. एवढ्यात पोराच्या क्लासची फी निघते.

हे आता लिहायचं कारण असं की सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत न्यायला आणि तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची संमती लागेल, असंही सांगितलं. पण ज्याला ओटीचा खरा दरच माहीत नाही, त्याच्या संमतीला काय अर्थ?

त्या ऑपरेटरला मी तेव्हा "बघू" म्हणालो आणि विषय टाळला. नोकरी मलाही टिकवायची होती. ते अजून सलतं.

म्हणून एक विनंती. आज पगाराची स्लिप काढा. ओटीची रक्कम ओटीच्या तासांनी भागा. आकडा तुमच्या नेहमीच्या तासाच्या दराएवढाच आला, तर अर्धे पैसे कुणाकडं राहिलेत ते विचारा. एकट्याने नको, चार-पाच जण मिळून विचारा.