चार चमचे

कोल्हापुरात ताटावर आडवा धरलेला हात कुणी मनावर घेत नाही. पाहुणा 'बास, बास' म्हणत असतो आणि वाढणारा त्याच्या बोटांच्या फटीतून रस्सा सोडू बघतो. बोटं पोळतील म्हणून पाहुणाच हात मागे घेतो, पंगत हसते आणि भांडं पुढच्या ताटाकडे सरकतं. पहिलं 'बास' रीतीचं, दुसरं भिडेचं. तिसरं कदाचित खरं असेल, पण तेही खरं मानायचं की नाही हे वाढणाऱ्याने ठरवायचं. माझ्या माहेरी आईपासून चुलत्यांपर्यंत सगळे असे वाढणारे. कुणी पोटभर जेवला एवढ्यावर आमचं समाधान होत नसे. तो उठताना गुडघ्यावर हात टेकून 'आता चालायचं कसं' म्हणाला की मग स्वयंपाक जमला.

दादा या घराचा थोरला मुलगा. लग्नाच्या पंगतीत पैज लावून जिलेब्या खाणारा आणि वर मठ्ठा पिऊन हात झटकत उठणारा. त्याच्या खाण्याचं कौतुक होतं, आणि पुढे त्याच तोंडांनी त्याच्या वजनाची चेष्टा सुरू झाली. पन्नाशीच्या आतच मधुमेह आला, गुडघे बोलू लागले, आणि झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री नाकावर यंत्राचा मुखवटा चढला. पथ्यं झाली, पहाटेचं चालणं झालं. उतरलेलं वजन दर वेळी व्याजासकट परत यायचं. 'तोंड आवरलं असतं तर ही वेळ आली नसती' असं म्हणणारे भेटीला येत आणि जाताना पेढ्यांचा पुडा ठेवून जात. शेवटी पुण्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली. वहिनींची शाळा चालू होती, त्यामुळे त्या शनिवार-रविवारी येणार. तपासण्या संपेपर्यंत दादा माझ्याकडे राहणार होता.

स्लीव्ह नावाच्या या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक निमुळती नळी. डॉक्टरांनी कागदावर पेनने काढून दाखवलं तेव्हा मी त्या रेघेकडे बघत राहिले. एवढ्याशा जागेत माझं सगळं माहेर बसवायचं होतं.

जागा कमी होणार हे ठाऊक होतं. भूकच जाईल हे मात्र डोक्यात नव्हतं. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. हे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी 1999 साली शोधलं. वजनासाठीच्या शस्त्रक्रिया त्याच्या कितीतरी आधीच्या. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन वाढत नाही, हे पाहून अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 च्या सुमारास जठराच्या बायपासची पहिली शस्त्रक्रिया केली होती. म्हणजे सर्जनांनी आधी कापलं आणि भुकेचं रसायन मागाहून सापडलं. हे वाचल्यावर मला दादाच्या आजवरच्या हरलेल्या पथ्यांबद्दल निराळं वाटू लागलं. वजन उतरू लागलं की शरीर भूक वाढवून ते परत मागतं. इतकी वर्षं आम्ही त्याला जिभेचा लाड समजत होतो.

शस्त्रक्रिया झाली आणि आता तोच दादा सकाळी खिडकीशी बसून विचारायचा, 'खायची वेळ झाली का गं?' वेळ घड्याळात बघायची, कारण पोट काही सांगत नव्हतं. आणि भूक नसलेल्या माणसाला आग्रह तरी काय करणार? आग्रहाला समोरून थोडा तरी लोभ लागतो.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता फ्रिजवर लागला. सुरुवातीला गाळलेलं पातळ, मग दाट पातळ, दोनेक आठवड्यांनी वाटलेलं, महिन्याच्या पुढे मऊ, आणि नेहमीचं जेवण दीड-दोन महिन्यांनी. पायऱ्यांचे दिवस इस्पितळागणिक थोडे बदलतात, पण पायरी गाळायची नाही हे सगळीकडे सारखं, कारण आतले टाके अजून कच्चे असतात. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं आणि मग घोट घोट प्यायचं. ताटाशेजारचं तांब्या-भांडं म्हणून मी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं. साखर, तळण, सोडा बंद. आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत, दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन. खाणं एवढं कमी झालं की शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळायला घेतं. जखम भरायची, ताकद टिकवायची, तर प्रोटीन हवंच.

एका वेळचं जेवण चार मोठे चमचे. दिवसातून सहा-सात वेळा. बाकी हिशेब स्वयंपाकघराने करायचा. सुरुवातीच्या दिवसांत नुसत्या अन्नातून हे भागत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेली पावडर होतीच. ती कोमट दुधात कालवायची. कढत दुधात टाकली की गुठळ्या होतात आणि दादाचं तोंड वाकडं होतं.

आमच्या आईचं आजारपणातलं औषध म्हणजे मुगाचं कढण. मी तेच मांडलं. मूग रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवायचे, घोटायचे, पातळ फडक्यातून पिळून घ्यायचे. वर चार थेंब तुपात जिऱ्याची फोडणी, चिमूटभर हळद, मीठ. मग बाई म्हणाल्या, 'छान आहे, पण यात प्रोटीन किती?' कोरड्या मुगाच्या 100 ग्रॅममध्ये ते 24 ग्रॅम भरतं खरं. पण एका वाटी पातळ कढणात मूठभरही मूग नसतात. तेव्हा त्याला जोड हवी. दही पंचात बांधून रात्रभर टांगलं की सकाळी चक्का उतरतो. त्यातला एक चमचा कढण खाली उतरवल्यावर घोटायचा. खाली भांड्यात जमलेलं दह्याचं पाणीही टाकायचं नाही, तेही कढणात जातं. मात्र मूग शिजल्यावरच, कारण आंबटात डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते.

चक्का म्हटला की श्रीखंड डोळ्यांपुढे येतं. दादाच्याही आलं. 'निदान केशर तरी?' त्याने विचारलं. केशराच्या दोन काड्या दिल्या, साखर नाही. पुढे वाटलेल्या अन्नाची पायरी आली तेव्हा चक्क्यात मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि अर्धा चमचा मेतकूट घालून बघितलं. मेतकूट मुळात भाजक्या डाळींचंच. मैद्याच्या चाळणीने ते पुन्हा चाळून घेतलं की घशाला कणी लागत नाही. त्याने पहिला चमचा जिभेवर ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, 'हे खाणं हाय.' पावडर सुरू झाल्यापासून हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता.

कोल्हापूरच्या घरात तांबडा-पांढरा रस्सा व्हायच्या आधी अळणी निघते. आलं, लसूण, हळद, मिठात शिजलेल्या मटणाचं पहिलं पाणी. लेकरांना आणि आजाऱ्यांना ती आधी. वहिनी शनिवारी डबा घेऊन आल्या तो अळणीचाच. दादाचे डोळे भरून आले, ते वासाने की डब्याच्या ओळखीने कुणास ठाऊक. पण ज्या अळणीवर आमच्या पिढ्यांचा भरवसा तिच्यात चव उतरते, प्रोटीन बहुतेक मांसातच राहतं. मटणाचा धागा इतक्यात सोसणार नव्हता. मग आम्ही दोघींनी कोंबडीच्या छातीचं मांस मऊ शिजवलं, त्याच अळणीत मिक्सरमधून गुळगुळीत वाटलं आणि चाळणीवर चमच्याच्या पाठीने दाबून उतरवलं. चाळणीवर मागे राहिलेले धागे वहिनी बोटाने गोळा करत होत्या. एकाच भांड्यातून लग्नाच्या पंगतीला वाढणाऱ्या त्या बाईने त्या दुपारी अर्धी वाटी जेवण करायला तास घालवला होता.

सगळ्यांत जमलं ते अंडं. उकडलेलं अंडं छातीत बसल्यासारखं होतं अशी दादाची तक्रार होती. मी खरवसाची रीत उचलली. एक अंडं फुगू न देता हळू फेटायचं, त्यात अर्धा कप कोमट दूध, मीठ, मिऱ्याची चिमूट. गाळणीतून वाटीत गाळायचं, वर आलेला फेस चमच्याने काढायचा. वाटीवर ताटली झाकायची, नाही तर वाफेचं पाणी ठिबकून वर खड्डे पडतात. मोदकपात्रात ठेवून आच अगदी बारीक. आच मोठी झाली की जाळी पडते आणि पाणी सुटतं. दहा मिनिटांनी झाकण उघडून वाटी किंचित हलवायची. कडा धरलेल्या आणि मधला रुपयाएवढा भाग थरथरताना दिसला की गॅस बंद. उरलेली वाफ बाकीचं काम करते. अंड्याचे सहा ग्रॅम, दुधाचे तीनेक. वाटी दोन वेळा पुरे. साखरेचा कण नाही, पण चमचा आत जातो तो खरवसात जावा तसाच.

दादा चमचा घेई, तोंडात घोळवी, चमचा खाली ठेवी. दोन घासांमध्ये मिनिटभर. जेवायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची आणि त्या वेळात आम्ही खूप बोलायचो. पूर्वी पंगतीत त्याच्याशी बोलायची सोयच नसे, समोरचं संपवायची घाई असायची. एकदा तिसऱ्या चमच्यानंतर त्याने वाटी पुढे सरकवली. माझ्या तोंडात आलंच होतं, 'एवढंसं राहिलंय, संपव की.' त्याच्या कपाळावर घाम होता, नाक ओलं झालं होतं. नळी भरली की तिथून एक चमचा जास्त म्हणजे उलटी. मी वाटी उचलली. आमच्या घरात त्याच्या पहिल्या 'बास'वर कुणीतरी थांबलं.

त्या दिवसांत मला जाणवलं की माझा आग्रह कमी झालेला नव्हता. त्याने फक्त जागा बदलली होती. पूर्वी तो पळीत असायचा, वाढताना हात सैल सोडायचा. आता तो चाळणीत गेला होता. मूग पुन्हा एकदा गाळू का, चक्क्याचं पाणी आणखी तासभर निथळू देऊ का, आच अजून बारीक होते का. खाणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही आणि त्याच्यावर ओझंही पडत नाही. वाढणाऱ्याचं कौतुक पंगत बघते. चाळणारीचं कुणी बघत नाही, म्हणून आमच्याकडे त्याला प्रेमात धरत नसावेत. पण डावीकडे चटणी-कोशिंबीर वाढणाऱ्यांना हे पूर्वीपासून माहीत असणार. चिमूटभर वाढायचं असेल तर त्या चिमटीत सगळं आणावं लागतं.

दादा कोल्हापूरला परतून आता बरेच महिने झाले. मुखवट्याचं यंत्र डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, साखरेच्या गोळ्या कमी केल्या. मधे केस मूठमूठ गळले तेव्हा घाबरून फोन आला होता. वजन झपाट्याने उतरताना तीन ते सहा महिन्यांत असं होतं आणि पुढे भरून येतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या मात्र जन्मभराच्या. तेवढं मी दर फोनला विचारते आणि तो दर फोनला 'घेतोय की' म्हणून वैतागतो. भूकही थोडीथोडी परतली आहे, लहान आवाजात. पोळी-भाताचा अजून गोळा होतो, म्हणून ताटात आधी अंडं, पनीर किंवा मुगाचं धिरडं, आणि जागा उरली तर बाकीचं.

मोदकपात्र आता त्याच्याकडे गेलं आहे आणि अंड्याचा खरवस तो स्वतः करतो. परवा त्याने फोटो पाठवला. पांढऱ्या वाटीच्या मधोमध लाल तवंग तरंगत होता. मी तडक फोन लावला.

'दादा, यात तांबडा ओतलास? डॉक्टरांना विचारलंस का?'

'विचारलं की. सोसत असंल तर थोडा चालंल म्हणाले.'

'थोडा म्हणजे किती?'

'थोडा म्हणजे थोडा. त्यांनी काय पुण्याचा थोडा का कोल्हापूरचा थोडा असं लिहून दिलं नाही.'

मग तिखट चमचाभरावर आणायचं ठरलं, आणि तो चमचा चहाचा, हेही मी त्याच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं.